रुमालाखालची अमेरिका

प्रमिलाबाईंनी मला फसवलं. माझ्या धंद्याचं गुपित गोड बोलून माझ्याकडून काढून घेतलं आणि भरबाजारात माझ्याच हातावर आणून ठेवलं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्याविषयी काही बरे शब्दही लिहावे लागणार आहेत आणि तेवढ्यावरून वाचणाऱ्यानं त्यांची बाजू घ्यावी, हे मला चालणार नाही.

मी जनावरांचा व्यापारी. आमच्याकडं 'हेडी' म्हणतात. म्हणताना लोक नाक जरा मुरडतात, पण गाय विकायची वेळ आली की पहिला फोन मलाच येतो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणाच्या गोठ्यात कुठली गाय कितव्या वेताची आहे, कुठली गाय लाथ मारते आणि कुठला मालक लाथ मारतो, हे मला पाठ आहे. वडिलांनी वारशात मला एक कासरा दिला, तोही गाठी मारलेला. बाकी पिकअप, घर आणि तोंडाळ म्हणून नाव, हे सगळं मी स्वतः कमावलं. म्हणून मला कुणी फसवलेलं सहन होत नाही.

प्रमिलाबाई माझ्या शाळेतल्या बाई. सणसरला हायस्कुलात इतिहास शिकवायच्या. नववीत मी त्यांच्या वर्गात सलग दोन वर्षं होतो. दुसऱ्या वर्षी इतिहास मला जरा बरा समजला. आता निवृत्त होऊन त्या कळसला मळ्यातल्या घरात राहतात. त्यांच्या मालकांना आम्ही तात्या म्हणायचो. ते वारले. एकुलती एक मुलगी, मेघना, अमेरिकेत असते.

बाईंच्या ओसरीत समोरासमोर दोन खुर्च्या आहेत आणि त्या दोन्ही बाईंच्या आहेत. आलेल्या माणसानं पोत्यावर बसायचं. बाई एका खुर्चीत बसून काहीतरी मत मांडतात. तुम्ही म्हणता, "बरोबर आहे बाई." की झालं. बाई हात वर करतात, "थांब. आता पलीकडून बघू," म्हणतात, उठतात, पदर सावरतात, समोरच्या खुर्चीत जाऊन बसतात आणि मघाशी स्वतःच मांडलेल्या मताच्या चिंध्या करतात. त्या चिंध्यांना तुम्ही मान डोलावलीत की पुन्हा पहिल्या खुर्चीत. एकदा दूधवाल्यानं सहज विचारलं, "बाई, कालचं दूध बरं हुतं का?" बाईंनी दुधाची बाजू मांडली, मग पाण्याची बाजू मांडली. तो सुटला तेव्हा त्याच्या किटलीतलं उरलेलं दूध नासलं होतं.

निवृत्तीनंतर बाई काही महिने मेघनाकडं अमेरिकेला जाऊन आल्या. तिथं लेक आणि जावई दिवसभर कामाला, नात पाळणाघरात. बाईंना घराजवळ वाचनालय सापडलं. लोक अमेरिकेतून येताना चॉकलेटं आणतात. बाईंनी बाया आणल्या. तिकडच्या इतिहासात ज्या ज्या बायांनी दंगा केला, त्या सगळ्या बाईंच्या डोक्यात बसून विमानानं कळसला आल्या. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून बाईंनी मला सोपी नावं करून दिली. बसवाली, कुऱ्हाडवाली, दंडवाली, द्राक्षवाली, गेटवाल्या. आणि एक नकोवाली, तिच्याविषयी पुढं येईल.

बसवाली पहिल्यांदा ऐकली ती मी एका कालवडीची चौकशी करायला गेलो होतो तेव्हा. काळ्या लोकांनी गोऱ्यांसाठी बसमधली जागा सोडायची असा तिकडं कायदा होता. ड्रायव्हर डोक्याशी येऊन उभा राहिला, तरी ही बाई उठली नाही. तिला धरून नेलं. मग त्या गावातले सगळे काळे लोक वर्षाहून जास्त काळ कुठल्याच बसमध्ये चढले नाहीत, चालत कामाला गेले.

मी विचारलं, "बाई, जागेवर तिनं रुमाल टाकला होता का?"

"काय?"

"नाही, आपल्याकडं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली की वाद मिटतो."

बाईंनी माझ्याकडं नववीतल्या नजरेनं पाहिलं. मग म्हणाल्या, "थांब. आता पलीकडून बघू." आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन सांगितलं की या बाईच्या काही महिने आधी त्याच गावात एका शाळकरी पोरीनं अगदी हेच केलं होतं. पण पुढाऱ्यांनी विचार केला की ही पोरगी फार लहान, तोंडानं फटकळ, हिला पुढं करून चालणार नाही. "मग सांग दत्ता, पुढारी शहाणे की स्वार्थी?"

मी म्हटलं, "बाई, कालवडीला दात किती?"

कुऱ्हाडवाली मला आवडली. दारूच्या गुत्त्यात कुऱ्हाड घेऊन शिरायची आणि बाटल्यांपासून आरशापर्यंत सगळं फोडायची. पकडून दंड केला की कुऱ्हाडीच्या आकाराच्या छोट्या छोट्या पिना विकून दंड भरायची. ही बाई चळवळीत वाया गेली, धंद्यात असती तर नाव काढलं असतं. दंडवालीही पसंत पडली. बायांना मत नसताना तिनं जाऊन मत टाकलं, कोर्टानं दंड केला, आणि तिनं सांगितलं की भरणार नाही. भरलाच नाही. द्राक्षवालीवर मात्र आमचं वाजलं. शेतमजुरांची संघटना बांधली आणि मजुरांना नीट वागवत नाहीत तोवर द्राक्षं खाऊ नका असं देशभर सांगितलं. लोकांनीही ऐकलं.

"म्हणजे बागाईतदाराचा माल पडला की बाई!" मी ओरडलो. माझा मेहुणा द्राक्षवाला आहे.

"पडला."

"मग त्यानं काय करायचं? द्राक्षं काय वाट बघतात?"

"छान मुद्दा. आता पलीकडून बघू." आणि बाईंनी बागाईतदाराची बाजू अशी मांडली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग परत येऊन मजुरांची मांडली. मी उठलो तेव्हा मला दोघांचंही पटलं होतं आणि गाडीतलं वासरू उपाशी होतं.

नकोवाली ही बाईंची खास. बायांना पुरुषांच्या बरोबरीचा कायदा नकोच, बाईचं राज्य घरात, असं सांगणारी. त्यासाठी ती स्वतः घर सोडून गावोगाव भाषणं देत फिरायची. मी हसलो तर बाई चिडल्या. "हसू नकोस. तिच्यामागं हजारो बायका होत्या. त्या काय सगळ्या मूर्ख? जे आहे तेही हातचं जाईल, ही भीती खरी असते, दत्ता." नकोवालीची बाजू मांडताना बाई इतक्या रंगल्या की त्यांच्या शेजारची तारा विळा टाकून ऐकायला आली आणि म्हणाली, "बाई, तुमी नक्की कुणाकडून हाय?"

"मी इतिहासाकडून आहे," बाई म्हणाल्या.

"त्यो काय देतो?" तारा म्हणाली आणि गवत कापायला गेली.

आता या ताराचं सांगतो, कारण सगळं तिच्या गायीवरून झालं. तारा बाईंची जुनी विद्यार्थिनी, वयानं माझ्याहून लहान. नवरा गेला, तिच्याकडं थोडी जमीन आणि चार गायी राहिल्या. गायी तीच सांभाळते. धारा तीच काढते. पण गाय विकायची झाली की कासरा तिच्या दिराच्या, पोपटच्या हातात. कारण आमच्या बाजारात खरा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. बाजाराच्या गेटवर पाटी आहे की सौदे उघड बोलून करावेत. त्या पाटीच्या खांबाला लोक बैल बांधतात. आणि रुमालाखाली बायामाणसाचा हात कसा घ्यायचा? कुणी घेतला नव्हता. त्यामुळं ताराच्या गायीचा भाव दोघांनाच माहीत असायचा, घेणाऱ्याला आणि पोपटला. घरी येऊन पोपट जो आकडा सांगेल तो ताराचा.

या वेळी तारा अडून बसली होती. दुसऱ्या वेताची, काळी-पांढरी, बाजारात उभी केली तर लोक पाणी प्यायचं विसरतील अशी गाय. "वासरापासनं मी वाढवली. मीच विकणार," असं तिनं मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "पोपटला पाठव, मी बघतो." तिनं बादली उचलली आणि धारेला बसली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी बाईंचा मला फोन आला. आवाज साखरेसारखा.

"दत्ता, तुमची ती रुमालाची प्रथा लुप्त होत चालली आहे. तिची इतिहासात नोंद व्हायला हवी. तुझ्याइतका जाणकार दुसरा कोण?"

मी म्हणालो, "बाई, हे बाहेर सांगत नाहीत."

"तुझं नाव येईल."

"इतिहासात?"

"तळटिपेत."

तळटीप म्हणजे काय हे मी घरी विचारून घेतलं. पानाच्या खाली, बारीक अक्षरात. तरी मी नवा शर्ट घालून गेलो. ज्या बाईंनी मला नववीत नापास केलं, त्यांच्या पुस्तकात मी जाणार होतो. बारीक अक्षर तर बारीक अक्षर.

बाईंनी मला त्या दिवशी खुर्ची दिली. तिथंच मला संशय यायला हवा होता. मी माझाच डावा हात माझ्या उजव्या हातात धरून सगळं दाखवलं. एक बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय, हजार की शंभर हे जनावराकडं बघून कसं कळतं, बोट हलकं दाबलं तर काय, दाबून ठेवलं तर काय, समोरचा घाबरला हे त्याच्या तळव्याच्या घामावरून कसं ओळखायचं. बाई विचारत होत्या, मी सांगत होतो. कोपऱ्यात तारा शेंगा फोडत बसली होती. तिचं तोंडही आमच्याकडं नव्हतं. मध्येच एकदा तिनं विचारलं, "दत्ताशेठ, अर्धं कसं दाखवत्यात?" आणि मी, गाढवानं, तिला अर्धं, म्हणजे आकड्याच्या वरचा अर्धा हजार, दाखवलं. जवळ बोलावून दाखवलं!

पुढच्या बाजारी मी गाडी लावली तर गेटवर गर्दी. मध्ये प्रमिलाबाई. हातात पुठ्ठ्याची पाटी, त्यावर वळणदार अक्षरात 'सौदा उघड करा'. बाजूला ताराची गाय आणि तारा, मागं कळसच्या आणखी काही बाया. आणि बाई गप्प उभ्या होत्या. अमेरिकेत गेटवाल्या बाया मताचा हक्क मागत राष्ट्राध्यक्षाच्या दारात अशाच पाट्या घेऊन मुक्यानं उभ्या राहायच्या, थंडीत, पावसात. पण बाई गप्प? ज्यांनी त्यांना ओळखलं ते घाबरले. एकजण मला म्हणाला, "बाईंची तब्येत बरी न्हाय वाटतं. दवाखान्यात न्यायचं का?"

आमच्यातले सगळ्यात जुने हेडी म्हणजे किसनआबा. ते काठी टेकत पुढं आले. "बाई, ह्ये बरं न्हाय. बायांनी बाजारात यायचं न्हाय, आन रुमाल काढायचा न्हाय. पयल्यापासनं हाय ते हाय."

बाईंचं मौन तिथं संपलं. "आबा, तुमची बाजू तुम्ही फार कच्ची मांडताय. सरका. मी मांडते."

आबा सरकले. बाईंनी पाटी माझ्या हातात दिली. (मी ती धरून उभा राहिलो. त्याचा कुणीतरी फोटो काढला. तो अजून फिरतोय.) आणि बाई बोलायला लागल्या.

"रुमाल म्हणजे चोरी नव्हे. रुमाल म्हणजे अब्रू. ज्याची गाय पडत्या भावात जाते, त्याची चारचौघांत शोभा होत नाही. शेजाऱ्याला कळत नाही, जावयाला कळत नाही. घरात अडचण आहे म्हणून जनावर विकायला आलेल्या माणसाला हा एवढासा कपडाच झाकतो. तो तुम्ही ओढून काढणार? आणि बायका इथं आल्या, धक्काबुक्कीत उभ्या राहिल्या, तर आज जो थोडाफार मान आहे तोही राहील की नाही? अमेरिकेतसुद्धा शिकलेल्या, चांगल्या घरच्या बायका हेच म्हणत होत्या, की आम्हाला मत नको."

सगळे हेडी माना डोलवायला लागले. किसनआबांनी डोळे पुसले. "व्हय. ह्येच म्हणत हुतो मी. फकस्त मला येत नव्हतं."

"थांबा. आता पलीकडून बघू," बाई म्हणाल्या आणि पदर सावरत गायीला वळसा घालून पलीकडं गेल्या. तिथं तारा उभी होती.

"बाई, पलीकडून मी बघते," तारा म्हणाली. "तुमी सावलीला बसा. गायीला पाणी न्हाय, ऊन चढलंय. मला रुमाल काढायचा न्हाय."

"तारा, आपलं ठरलं होतं—"

"तुमचं ठरलं हुतं. मी शेंगा फोडत हुते."

कुणीतरी हसलं. पोपट पुढं आला आणि कासऱ्याला हात घातला. "वैनी, द्या हिकडं. कशाला तमाशा?"

तारानं कासरा दुसऱ्या हातात घेतला. "उघड बोलले तर भावजींना भाव कळंल. मग मी हितं आले कशाला? मला रुमालाखालीच सौदा करायचाय, जसा तुमी समदे करता. फकस्त हात माझा असंल."

मी बाईंकडं पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी दोन बाजू पाहिल्या होत्या. ही तिसरीकडून आली होती.

तारानं पिशवीतून नवाकोरा रुमाल काढला. दुकानाचं लेबल तसंच होतं. तो हातावर टाकला आणि म्हणाली, "दत्ताशेठ, हात आणा."

आता माझी अवस्था बघा. माझ्या बायकोचं माहेर जवळच्या कळंब गावचं आणि निम्मं कळंब त्या बाजारात उभं. हात दिला तर घरी जेवायला काय मिळेल, सांगता येत नव्हतं. हात नाही दिला तर ती गाय जाणार, आणि मघाशी डोळे पुसणारे किसनआबा गायीच्या कासेकडं बघत हळूच हात धोतराला पुसायला लागले होते. मी म्हणालो, "तारा, हातावर फडकं गुंडाळू का?"

"फडक्यातनं अर्धं कळंल का?"

बाई माझ्या कानाशी आल्या. "दत्तात्रय," त्या रागावल्या की पूर्ण नाव घेतात, "त्या बसच्या ड्रायव्हरसारखा उभा राहू नकोस."

मी हात घातला.

धारा काढणाऱ्या हातानं तुमची बोटं कधी कुणी धरली आहेत का? धरू देऊ नका. मी पहिला भाव दिला, तिनं बोट झटकून टाकलं. मी वाढवला. तिनं माझी मूठ धरून अशी पिळली की मागं उभी असलेली गाय हंबरली. मग मी माझा नेहमीचा डाव टाकला, हात सैल सोडला, म्हणजे मी निघालो. तिनंही हात सैल सोडला. हे मीच शिकवलं होतं! शेवटी मी जिथं थांबायचं ठरवलं होतं, तिथं मी थांबलो, आणि तारानं शांतपणे माझ्या करंगळीवर अर्धं दाबलं. माझंच अर्धं. घामही माझ्याच तळव्याला आला होता आणि त्याचा अर्थ तिला माहीत होता.

सौदा झाला. तारानं रुमाल झटकला, घडी केली, कासरा माझ्या हातात दिला आणि गायीच्या कपाळावरून एकदा हात फिरवला.

पोपट घशातल्या घशात म्हणाला, "कितीला दिली, वैनी?"

"रुमालाखालचं भाईर काढत न्हाईत, भावजी."

बाजार हसला. पोपटही ओशाळून हसला, कारण हे वाक्य त्याचंच होतं. इतकी वर्षं तो घरी हेच सांगत आला होता.

तेव्हापासून बाजारात बाया येतात. दर वेळी थोड्या जास्त, आणि प्रत्येकीच्या पिशवीत आपला रुमाल. सगळ्यांना अर्धं येतं. बाकीच्या हेड्यांनी काही दिवस मला चहाला बोलावणं बंद केलं. किसनआबा मला 'बायांचा मास्तर' म्हणतात, आणि स्वतः मात्र सणसरच्या एका म्हातारीशी रुमालाखाली इतका लांबवून सौदा करतात की मध्ये बसून तंबाखू खातात. माझी विद्या गेली. गेली ती गेली, तळटीपही आली नाही. मी बाईंना जाऊन विचारलं.

बाई त्या दिवशी एकाच खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तळटीप कसली, दत्ता. पुस्तकच होणार नव्हतं. मी खोटं बोलले."

"माहितेय!" मी ओरडलो.

"मला रुमाल बंद करायचा होता. कुऱ्हाडवालीसारखा, एका घावात. तिला काय हवंय हे मी विचारलंच नाही. ती माझ्या ओसरीत बसून शेंगा फोडत होती आणि मी तुला प्रश्न विचारत होते." मग म्हणाल्या, "त्या शाळकरी पोरीला मागं ठेवणारे पुढारी आठवतात? मी त्यांच्यातली निघाले."

मी वाट पाहिली. पण बाई उठून पलीकडं गेल्या नाहीत. भांडायला आलेल्या माणसानं अशा वेळी काय करायचं? मी चहा पिऊन परत आलो. माझी तक्रार तशीच राहिली.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पुढच्या बाजारी बाई स्वतः आल्या. छत्री, पिशवी, पिशवीत रुमाल. "दत्ता, मला गाय घ्यायची आहे."

मी म्हणालो, "तुमच्या गोठ्यात तात्यांची मोटारसायकल उभी आहे."

"ती हलवू. ही कितव्या वेताची?"

मी गिऱ्हाईक समजून गाय दाखवली. बाईंनी दात पाहिले, कास पाहिली, शेपटी उगाचच पाहिली. मग रुमाल काढला आणि हात पुढं केला. मला वाटलं, हौस आहे, होऊन जाऊ दे. भाव चालला. बाई खाली ओढायच्या, मी वर ओढायचो. बराच वेळ झाला. मग बाईंनी हात काढून घेतला, रुमालाची घडी केली. "पुढच्या बाजारी बघू."

पुढच्या बाजारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. कधी गाय, कधी म्हैस, एकदा बोकड. एकदा एका पाडीचा भाव करताना त्यांनी मला नकोवालीची अख्खी गोष्ट पुन्हा सांगितली, रुमालाखाली हात तसाच ठेवून. घ्यायचं काहीच नाही. माझी गिऱ्हाइकं ताटकळायची, परत जायची. मी चिडलो. मी ओरडलो. बाजार ऐकेल असा ओरडलो, "बाई, घ्यायची असेल तर घ्या, न्हायतर माझा धंदा करू द्या!"

"ओरडू नकोस. मी विचार करतेय," बाई म्हणाल्या आणि बोट दाबलं.

मागच्या बाजारची गोष्ट. कळंबच्या एका शेतकऱ्याची गाय, मी मध्यस्थ. बाईंनी हात घातला. त्यांचा हात गार होता, उन्हातसुद्धा. दोन-चार आकडे झाले. मग त्यांनी माझी सगळी बोटं एकत्र धरली. तळहातासकट. आणि तशीच धरून ठेवली.

इतकी वर्षं मी या धंद्यात आहे. बोटांची सगळी भाषा मला येते. त्या धरण्याचा कुठलाच भाव होत नव्हता.

मी म्हणालो, "बाई, हा कुठला आकडा?"

"थांब जरा."

त्या लांब कुठंतरी बघत होत्या. शेतकरी कंटाळला. त्यानं किसनआबांना खूण केली, त्यांचं मागच्या मागं जमलं, आणि आबा ती गाय सोडून घेऊन गेले. आमच्या दोघांच्या समोरून. गायीची शेपटी बाईंच्या पदराला लागली. बाईंनी वळून पाहिलं नाही. खुंटा मोकळा होता, दलाली बुडाली होती, आणि आम्ही दोघं रुमालाखाली हात घालून उभे होतो.

गेलेल्या गायीचा भाव मी उतरवला असता तर त्यांना 'घेते' तरी म्हणावं लागलं असतं, नाहीतर हात तरी काढावा लागला असता. मी उतरवला नाही. उलट थोडा वाढवला. बाईंनी मान हलवली, "फार सांगतोस," म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला. लोक बघत होते. ताराला नवी पाडी घ्यायची होती, त्याची बोलणी माझ्याशीच व्हायची होती; ती पाण्याची बादली घेऊन आली, आमच्याकडं पाहिलं, आणि बादली खाली ठेवून गुपचूप दुसरीकडं निघून गेली.

मेघना, हे मी तुझ्यासाठी लिहितोय. तू मराठी वाचतेस हे मला माहीत आहे, बाईंनीच शिकवलंय. तू रविवारी फोन करतेस, तोंड दिसतं, तुझी लेक हात हलवून दाखवते, हे सगळं बाई मला सांगतात, कौतुकानं सांगतात. तुझी तिकडची अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. पण मी व्यापारी माणूस आहे, माझं नुकसान झालं की मी जाब मागतो. माझा भर बाजाराचा दिवस, माझी गिऱ्हाइकं, कळंबच्या गायीची दलाली, सगळं जातंय, आणि तोंडाळ म्हणून कमावलेलं माझं नावही जायच्या मार्गावर आहे, कारण हल्ली मी त्यांच्यावर ओरडत नाही.

म्हणून मला सरळ उत्तर दे. तुझ्या आईचा हात धरून उभं राहायचं काम माझ्याकडं कसं आलं?